पॉवर सप्लायचे वजन

वजनमापे खात्यात मी छत्तीस वर्षे नोकरी केली. त्यातली शेवटची एकोणीस वर्षे निरीक्षक होतो. दुकानात शिरल्यावर मी मालकाच्या तोंडाकडे पाहत नसे; आधी काटा पाहत असे, मग त्याचे हात. लोखंडी वजनाच्या बुडाशी खळगा असतो, खळग्यात शिसे ओतलेले असते आणि शिशावर सरकारी शिक्का असतो. शिसे कोरून काढायचे, जागी लाख भरायची आणि वरून काजळी फासायची, ही जुनी चाल. पारड्याच्या बुडाला चिंचेचा गोळा चिकटवणे ही त्याहून जुनी. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, तरी भाजीवाल्याने काटा उचलला की माझी नजर त्याच्या करंगळीवर जाते. घरात याची थट्टा होते. मी ती होऊ देतो.

माझी नात शेगावला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, बीबी या गावी शिक्षक आहे. तिथून रोज शेगाव गाठणे शक्य नाही आणि वसतिगृह त्याला पसंत नाही, म्हणून ती वडनेर भोलजीला आमच्याकडे राहते. सकाळी नांदुऱ्यापर्यंत एसटीने जाते, पुढे रेल्वेने. संध्याकाळी गावातल्या दहावीच्या मुलींना गणित शिकवते. शिकवणीतून मिळालेले पैसे तिने दोन वर्षे खर्चले नव्हते. ते कशासाठी, हे आम्हांला गेल्या दिवाळीनंतर जेवताना कळले.

तिला कॉम्प्युटर बांधायचा होता. विकत घ्यायचा नव्हता; सुटे भाग निवडून, आणून, स्वतःच्या हाताने जोडायचा होता.

"कशासाठी?" मी विचारले. नोकरीत माझी बोली सुटली ती सुटलीच. घरातल्यांची सुटली नाही.

"प्रोजेक्टले लागते आबा. थ्री-डीचं काम हाय, कॉलेजातल्या मशीनवर होत नाई." मग भाकरीचा तुकडा हातात धरून ती म्हणाली, "अन् गेम खेळाले."

"माय बाप्पा!" बायको म्हणाली. "गेम खेळाले दोन वर्षं पोट्ट्याइले गणित शिकवलं? मोबाईलवर खेळते ते काय कमी हाय का?"

"आजी, मोबाईलवर तो गेम चालतच नाई."

"मंग चांगलाच हाय मोबाईल."

दुसरे कारण तिने लपवले नाही, म्हणून पहिल्यावरची माझी शंका थोडी कमी झाली. पूर्ण गेली नाही. एवढ्या मोठ्या यंत्रावर ती काय खेळणार, कोणाशी खेळणार, हे मला ठाऊक नव्हते आणि विचारूनही नीट कळले नाही.

मुलाला फोन लावला. तो स्पीकरवर होता.

"तिले सांगा बाबा, तयार लॅपटॉप घे म्हणा. एक बिल, एक वॉरंटी. हे सुटं सामान म्हणजे दहा जागचं दहा खोटं."

"पैसे तिचे आहेत," मी म्हणालो.

"हायेत न. मी कुठं नाही म्हणतो? पण जळालं तर? मंग दुसऱ्यांदा माह्यापाशी येऊ नका. लॅपटॉपबी नाही अन् कॉम्प्युटरबी नाही. डिग्री होईलोक कॉलेजात जे हाय त्याच्यावरच करायचं. मंजूर हाय का तिले?"

"मंजूर हाय," नात म्हणाली. तिने विचार करायला वेळ घेतला नाही, पण तिचा हात ताटात थांबला होता. अट तिला पूर्ण समजली होती.

मी तिच्यासोबत खरेदीला जाईन, असे सांगितले. मुलाचा आवाज लगेच सैल झाला. "तुमी असले तर मंग काही नाही बाबा. तुमाले कोण फसवणार?"

हे वाक्य मला आवडले. ते मी इथे लिहितो, कारण पुढे जे झाले त्यात त्याचा हात आहे.

तिने वहीच्या पानावर यादी केली होती. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, साठवणुकीची एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय, कॅबिनेट, मॉनिटर. प्रत्येकापुढे एक नाव आणि कंसात एक पर्यायी नाव. खाडाखोड बरीच होती. कोणता भाग कोणत्या भागाशी जुळतो आणि कोणता जुळत नाही, हे तिने मला एका संध्याकाळी समजावले. समजावण्याची रीत चांगली होती. पण या यादीचा आधार काय, ते मला हवे होते.

"हे तुला कोणी सांगितले?"

"इंटरनेटवर ग्रुप हाय. लोकं सल्ला देतेत. मी महिनाभर विचारून राह्यली."

"त्यांची नावे?"

"टोपणनावं असतेत आबा. हे पाहा, याच्या फोटोत मांजर हाय. याले सगळ्यात जास्त समजते."

"स्वतःचे नाव आणि तोंड लपवणाऱ्या माणसाच्या शब्दावर तू तुझी दोन वर्षे लावतेस?"

"पण आबा, मांजरवाला खरं सांगते."

या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, एवढेच मी विचारले.

"महाग ग्राफिक्स कार्ड हाय. पण धोक्याचा पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज तो घेते अन् सगळ्याइले वाटून देते. बाकी काही खराब निघालं तर तेवढंच खराब निघते. हा फुटला तर एकटा नाई जात. बोर्ड, प्रोसेसर, कार्ड, सगळं घेऊन जाते."

हे मला पटले. दुकानातला काटा खोटा असला की त्यावरून गेलेला प्रत्येक जिन्नस खोटा होतो. पॉवर सप्लाय मी स्वतः पारखेन, असे मी तिला सांगितले. ती हो म्हणाली. नाही म्हणण्याची आमच्या घरात रीत नाही.

कॉलेजला सुट्टी होती त्या शुक्रवारी आम्ही खामगावला गेलो. तिने ठरवलेले दुकान सराफ्याच्या मागच्या गल्लीत होते. दुपारी दीड वाजता त्याचे शटर अर्धे खाली होते. भर बाजाराच्या वेळी दुकान अर्धे बंद, हे मला बरे वाटले नाही. नात म्हणाली, नमाजाला गेले असतील. वीस मिनिटांनी मालक आला, शटर वर केले आणि आम्हांला आत बोलावले. पन्नाशीचा माणूस, चष्मा कपाळावर चढवलेला. आमच्या मागोमाग तीन गिऱ्हाइके आत आली.

"बैठो बेटा. काय काय पायजे?"

नातीने यादी पुढे केली. त्याने ती खालपर्यंत वाचली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा वाचली. "ही यादी कोण बनवली? तूच? अच्छी हाय." मग एकेक डबा काढून काउंटरवर ठेवू लागला.

स्तुती करणारा दुकानदार मी नेहमीच दोनदा तपासला आहे. मी डबे पाहिले. एकूण एक डब्याचे सील कापलेले होते.

"सील कोणी तोडले?"

"म्या."

"का?"

"चालवून पाहतो साहेब. बंद डब्बा मी देत नाई. आत काय निघन ते बनवणाऱ्यालेबी माहीत नसते." गिऱ्हाइकांपैकी एक हसला.

उत्तर तयार होते. तयार उत्तर ही मी चांगली खूण मानत नाही. ग्राफिक्स कार्डाच्या डब्यावर छापील किमतीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली होती. कमी किमतीची चिठ्ठी लावता येते. पण मूळ किंमत झाकता येत नाही. नियम आहे. मी नखाने चिठ्ठीचा कोपरा उचकटू लागलो.

"साहेब, खाली जास्त किंमत हाय. भाव उतरला म्हणून वरून लावली."

चिठ्ठी निघाली. खाली खरोखरच जास्त किंमत होती. माझे समाधान व्हायला हवे होते. उलट, हा माणूस आपणहून किंमत कमी का करतो, हा नवा प्रश्न उभा राहिला.

शेवटी पॉवर सप्लाय आला. डब्यावर साडेसहाशे वॅट लिहिले होते. मी तो डबा तळहातावर घेतला. माझा हात किलोमागे पन्नास ग्रॅमची चूकही सांगतो; खात्यात याच्यावर पैजा लागत. तो डबा हलका होता. त्या आकाराला आणि त्या आकड्याला शोभणार नाही इतका हलका.

"यात आत काही आहे का?"

मालकाने चष्मा डोळ्यांवर घेतला. "साहेब, हा तुरीचा कट्टा हाय का जोखून घ्याले?"

तिघेही हसले. नात हसली नाही, पण तिने मान खाली घातली. मला ते हसण्याइतकेच लागले.

"मी आज खात्यात असतो," मी म्हणालो, "तर हे दुकान बंद करून गेलो असतो. उघडे डबे, झाकलेल्या किमती आणि पोकळ माल."

मी आवाज चढवला नव्हता. तशी गरज कधी पडत नसे. तिघांपैकी एक जण माउस निवडत होता. त्याने तो जागी ठेवला आणि तो दुकानाबाहेर गेला. मालकाने त्याच्या पाठीकडे पाहिले. मग एकेक डबा उचलून मागच्या फळीवर ठेवला.

बाहेर आल्यावर नात म्हणाली, "आबा, तोच चांगला होता. डब्यावर बारा व्होल्टच्या लाइनीचे अँपिअर वेगळे लिहेल असतेत. ते पाह्यचं असते; खरा जोर त्याच्यातच समजते. वजन नसते पाह्यचं."

"हात खोटे बोलत नाही," मी म्हणालो.

दुसरे दुकान मोठ्या रस्त्यावर होते. तिथे मी तिला नेले. त्या मालकाचे वडील काटे दुरुस्त करणारे परवानाधारक कारागीर होते. एकोणीस वर्षे त्यांचे काम मी तपासले आणि त्यात एकदाही खोट सापडली नाही. मुलाने मला ओळखले, काका म्हणून पाया पडला आणि चहा सांगितला. चहा मी घेतला नाही. तपासणीच्या वेळी घेत नसे, ती सवय राहिली आहे.

यादीतले बाकीचे सगळे भाग त्याच्याकडे मिळाले. सगळी सीले शाबूत होती. प्रत्येक डब्यावर बनवणाऱ्याचे नाव, आयात करणाऱ्याचा पत्ता, महिना, किंमत आणि तक्रारीचा नंबर मी चष्मा लावून वाचला. एका जागीही उणे नव्हते. पॉवर सप्लाय मात्र यादीतल्या नावाचा नव्हता. त्याच्याकडे दुसरा होता, नाव मी कधी न ऐकलेले, आकडा तोच, साडेसहाशे. मी तो हातावर घेतला. मघाच्या डब्याच्या जवळजवळ दुप्पट जड होता.

मी तो नातीच्या हातात ठेवला. "बघ."

तिने वजन पाहिले नाही, डब्याची मागची बाजू पाहिली. बराच वेळ पाहिली. "याच्यावर बारा व्होल्टचे अँपिअर लिहेलच नाईत."

"अवो ताई, साडेसहाशे लिहेल हाय न एवढ्या मोठ्या अक्षरानं," मालक म्हणाला. "महिन्याले कितीक जातेत माह्याकडून. एकाचीबी तक्रार नाई."

"आबा, हा मांजरवाल्याच्या यादीत कुठंच नाई."

"त्या मांजराने हा हातात धरला होता का?" मी म्हणालो. मालक मोठ्याने हसला. या वेळी हसणे माझ्या बाजूचे होते.

ती गप्प झाली. पाकीट काढले आणि पैसे दिले. मी तिच्या गप्प राहण्याला संमती समजलो.

रविवारी सकाळी तिने जोडणी सुरू केली. जेवणाच्या टेबलावरचे मेणकापड काढून नुसते लाकूड उघडे केले. कोणताही भाग उचलण्याआधी ती खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावत होती.

"देवाले हात लावते का काय वं खिडकीतल्या?" बायकोने विचारले.

"अंगातली वीज उतरवते आजी. नाई तर एका टिचकीनं बोर्ड मरते."

"तुह्या अंगात वीज? सकाळी उठवाले तीन हाका माराव लागते."

माझ्याकडे स्क्रूची ताटली होती. चार आकाराचे स्क्रू मी वेगवेगळे लावून ठेवले होते. तिने प्रोसेसर बोर्डावर ठेवला, ठेवला म्हणजे जवळजवळ सोडला, आणि दांडी दाबेपर्यंत श्वास घेतला नाही. त्यावर उष्णता ओढून घेणारे हरभऱ्याएवढे मलम लावले. रॅमच्या पट्ट्या बसल्या, त्या बसल्याचा आवाज आला. कॅबिनेटमध्ये बोर्ड आवळला. हात एकदाही घसरला नाही. मी आयुष्यभर कारागीर पाहिले आहेत. हा कारागिराचा हात होता. मी तसे तिला सांगितले नाही.

"आबा, पॉवर सप्लाय द्या."

मी डब्यातून तो काढला. आतापर्यंत मी तो डब्यासकट एका तळहातावर तोलला होता. आता प्रथमच नुसता पत्र्याचा चौकोन दोन्ही हातांनी, दोन बाजूंनी धरला. डावी बाजू खाली गेली.

मी तो टेबलावर ठेवला नाही. फिरवला. उजवी बाजू डाव्या हातात घेतली. आता उजवा हात खाली गेला. सगळे वजन एका कोपऱ्यात होते. त्या कोपऱ्यावर बोटाच्या सांध्याने ठोकले. तिथे आवाज मुका होता, बाकी पत्रा वाजत होता. असा मुका आवाज मी शेकडो वेळा ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी समोर कोणीतरी दुकानदार उभा असे.

"मोबाईलची बत्ती लाव," मी म्हणालो.

तिने पंख्याच्या जाळीतून उजेड पाडला. आत तारा होत्या, पण थोड्याच. दोन लहान गुंडाळ्या आणि बरीच मोकळी जागा. आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला साबणाच्या वडीएवढा करड्या रंगाचा ठोकळा डिंकासारख्या कशाने तरी चिकटवलेला होता. लोखंडाचा होता की सिमेंटचा, ते दिसले नाही. त्याच्याकडे एकही तार जात नव्हती, त्याच्यातून एकही तार निघत नव्हती.

माझ्या खात्यात आलेला प्रत्येक खटला कमी देण्याचा होता. कमी धान्य, कमी कापड, कमी रॉकेल, कमी चांदी. गिऱ्हाइकाला जास्त वजन देऊन कोणी फसवेल, असे कोणत्याही नियमात लिहिलेले नव्हते आणि कोणत्याही वरिष्ठाने मला शिकवलेले नव्हते. ठोकळा बसवणाऱ्याला मात्र ठाऊक होते की माझ्यासारखा कोणीतरी तळहात पुढे करील.

"हा लावू नकोस," मी म्हणालो.

"मले तवाच वाटलं होतं," ती म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली न मी. दोनदा बोलली."

हे खरे होते. मी पुढचा प्रश्न विचारला नसता तर बरे झाले असते. पण मी तो विचारला.

"तू हा लावणार होतीस?"

"हाव."

"आणि जळाले असते?"

"जळालं असतं." ती ताटलीतले स्क्रू बोटाने सरळ करत होती. "तुमी म्हणाले होते का हात खोटे बोलत नाई."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आली आणि टेबलाजवळची खुर्ची ओढून नातीच्या शेजारी बसली.

सोमवारी नातीने कॉलेज बुडवले. आम्ही पुन्हा खामगावला गेलो. आधी मोठ्या रस्त्यावर. मालकाने जाळीतून पाहिले आणि फळीवरचा दुसरा डबा काढून मागच्या पत्र्याचे स्क्रू सोडले. आत तसाच ठोकळा होता. त्याचा चेहरा पडला. "काका, मले आईची आन, माहीत नव्हतं. माल दिल्लीहून येते. मी तर आजलोक उघडून पाह्यलाच नाई." त्याने तो परत घेतला. त्याचे म्हणणे खरे असेल. मी त्या दिवशी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. आजही अर्धाच ठेवतो. पण मला एक गोष्ट त्याच्या तोंडून ऐकायला मिळाली. त्याने डबा कधी उघडला नव्हता. सील शाबूत ठेवले होते, आणि मी ते प्रामाणिकपणाची खूण म्हणून वाचले होते.

गल्लीतल्या दुकानात मी नातीला पुढे जाऊ दिले. मालकाने तिला पाहिले, मग तिच्यामागे मला. दुकानात दोन गिऱ्हाइके होती.

"बोल बेटा."

तिने पॉवर सप्लायचे नाव सांगितले. त्याने फळीवरून तोच डबा काढला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "साहेब, काटा आणू का बाजूच्या दुकानातून?"

"नको," मी म्हणालो. आणि तिथेच, त्या दोघांच्या देखत, म्हणालो, "त्या दिवशी मी इथे जे बोललो ते चूक होते. तुमचा माल पोकळ नव्हता."

त्याने डबा काउंटरवर ठेवला. मी समजलो, आता तो जाऊ द्या म्हणेल. तसे म्हणण्याची रीत आहे.

"त्या दिवशी दुकानात तीन गिऱ्हाइकं होते साहेब," तो म्हणाला. "आज दोन हायेत. एक कमी पडते."

दोघांपैकी एक जण खोकल्यासारखे हसला. मी मालकाकडे पाहिले. तो हसत नव्हता. मापात उणे आढळले की मीही याच आवाजात बोलत असे.

"तो कुठे राहतो?"

"नांदुरा रोडले झेरॉक्सचं दुकान हाय त्याचं. तवापासून आलाच नाई इकडं."

मी नातीला तिथेच बसवले आणि चालत निघालो. अर्धा तास लागला. वाटेत दोन विचार आले. एक, हा माणूस मुद्दाम मला लांब पाठवून डबा बदलील. दुसरा, नात समोर बसली आहे आणि बारा व्होल्टची ओळ तिला वाचता येते. दुसऱ्या विचारावर मी चालत राहिलो.

झेरॉक्सवाला मशीनमधला अडकलेला कागद ओढत होता. मी कोण, हे त्याला आठवायला वेळ लागला.

"हाव, तुमी! मले तर वाटलं रेड पडली. म्हटलं आपण कायले अधिकारी लोकाइच्या तोंडी लागा. म्हणून निघालो."

"रेड नव्हती. मी निवृत्त आहे. त्या दुकानदाराविषयी मी जे बोललो ते चुकीचे होते. एवढे सांगायला आलो."

"एवढंच?" त्याने माझ्या पायांवरच्या धुळीकडे पाहिले. "चालत आले काय? मंग तो दुकानदार बरोबर हाय म्हणता?"

"हो."

"लिहून देता का?"

हे त्याला लिहून कशाला हवे, कोणाला दाखवायला हवे, असे प्रश्न लगेच उभे राहिले. "लिहून देत नाही," मी म्हणालो. "पण कोणी विचारले तर माझ्याकडे पाठवा."

परत आलो तेव्हा दुकानाच्या मागच्या टेबलावर त्या दोघांनी पॉवर सप्लाय एका जुन्या यंत्राला जोडला होता. पंखा फिरत होता. मालक मीटरची दोन टोके तिच्या हातात देऊन आकडा तिच्याकडूनच वाचून घेत होता. "किती?" "बारा पॉइंट एक." "आता जोर दे." "बारा पॉइंट शून्य." "बस. हाच खरा माल. ताण आला तरी आकडा पडत नाई." सील का कापलेले असते, ते मी उभा राहून पाहिले. त्याने मला बसायला स्टूल दिले नाही आणि झेरॉक्सवाला भेटला का, हेही विचारले नाही. निघताना मात्र म्हणाला, "त्याचा आत्ता फोन आलता. माउस ठेवाले सांगतला."

दुसऱ्या दिवशीही कॉलेज बुडवून सकाळी तिने पॉवर सप्लाय बसवला. मी या वेळी ताटली धरली नाही. भिंतीशी खुर्चीवर बसलो. तिने गज धरला, तारा खोचल्या, मॉनिटर लावला आणि बटण दाबले.

पंखे फिरले. मॉनिटर काळाच राहिला.

ती थांबली. मीही थांबलो, पण माझे मन थांबले नाही. डबा हलका होता. मी अर्धा तास दुकानाबाहेर होतो. टेबलावरचा पॉवर सप्लाय आणि डब्यात घातलेला पॉवर सप्लाय एकच, हे कोणी पाहिले? रविवारपर्यंत बिघडलेले काही नव्हते. आज बिघडले असेल तर बापाची अट आजच लागू झाली. मी तोंड उघडले.

"आबा, थांबा," ती म्हणाली. तिने माझ्याकडे वळून पाहिले नाही.

मी तोंड मिटले. पूर्वी कोणी मला असे थांबवले असते तर मी उठून गेलो असतो.

तिने बटण बंद केले. कॅबिनेटच्या मागे वाकली आणि एकेक तार बोटाने चाचपली. मॉनिटरची तार तिने बोर्डाच्या भोकात खोचली होती. ती काढून खालच्या, ग्राफिक्स कार्डाच्या भोकात खोचली.

"माहीच चूक," ती म्हणाली आणि बटण दाबले.

मॉनिटरवर पांढरी अक्षरे आली. तिने ती ओळीने वाचली: प्रोसेसर, रॅम, कार्ड. प्रत्येक नाव यादीशी ताडून ती खूण करत गेली. बायको कणकेच्या हातांनी बाहेर आली. "लागला का वं?" नात हो म्हणाली. मग ती हसू लागली. बायकोने कणकेचे बोट तिच्या गालाला लावले.

मुलाचा फोन दहाच्या सुमारास आला. मधल्या सुट्टीत असावा. मागे पोरांचा गलका होता.

"चालू झालं का बाबा?"

"झाले."

"जळालं नाही न काही?"

"नाही."

"तुमी निवडलं म्हणजे पक्कंच असन मंग."

नात माझ्याकडे पाहत होती. मी काय सांगणार, याची तिला खात्री नव्हती. ती असण्याचे कारणही नव्हते.

"मी निवडले नाही," मी म्हणालो. "सगळे भाग तिने निवडले. एक मी निवडला होता. तो लावला असता तर सगळे जळाले असते. तो परत केला."

मुलाने विचारले, "म्हणजे झालं काय?"

मी फोन तिच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन बसलो.